डोंगर, सूर्य आणि चौकटीची वही: सोलापुरातल्या चौथीच्या एका वर्गाचं प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्व भागातली ही मराठी माध्यमाची अनुदानित प्राथमिक शाळा. शाळेचं आणि माणसांचं नाव इथे देत नाही, ओळख पटेल असे तपशीलही वगळले आहेत. वर्गातल्या बहुतेक मुलांच्या घरी तेलुगू बोलली जाते, काहींच्या घरी कन्नड, काहींच्या घरी उर्दू. गल्लीत आणि वर्गात मराठी. वडील यंत्रमागाच्या कारखान्यात आणि आई घरी विड्या वळते, अशी कितीतरी घरं या भागात आहेत. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. ज्यांच्या हातून हा माल निघतो त्यांचीच मुलं या वर्गात बसतात.

प्राथमिक शाळांच्या कला शिक्षकांबरोबर काम करताना मी या शाळेत जात होते. खरं तर ‘कला शिक्षक’ म्हणावं असं तिथे कुणी नव्हतं. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत कलेसाठी अंशकालीन निदेशकाची, म्हणजे अर्धवेळ शिक्षकाची, तरतूद आहे ती सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, आणि तीही पटसंख्या शंभरच्या वर असेल तर. पहिली ते पाचवीत वर्गशिक्षकच भाषा, गणित, परिसर अभ्यास शिकवतात आणि चित्रकलेचा तासही घेतात. मूल्यमापनात कलेला संकलित (सत्राअखेरची) परीक्षा नाही, फक्त आकारिक, म्हणजे वर्षभर वर्गात बघून केलेल्या, नोंदी. एका अर्थाने ही मोठीच मोकळीक आहे. पण परीक्षा नसलेल्या विषयाचा तास गणिताला सहज दिला जातो, आणि वर्षाअखेरीस फाईल भरलेली दिसावी म्हणून दोन-तीन दिवसांत भराभर चित्रं काढून घेतली जातात.

अडचण

दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गशिक्षिकेने, मुलं त्यांना ‘बाई’ म्हणतात, मीही इथे तेच म्हणते, माझ्यासमोर चौथीच्या फाईली ठेवल्या. जवळपास प्रत्येक फाईलमध्ये तेच चित्र. दोन टोकदार डोंगर, मधून उगवणारा सूर्य, डोंगरातून निघून खाली रुंद होत जाणारी नदी, काठावर झोपडी, बाजूला नारळाचं झाड, आकाशात इंग्रजी व्हीसारखे पक्षी. सोलापूरच्या सपाट, उन्हाने भाजणाऱ्या माळावर राहणाऱ्या या मुलांनी असा डोंगर पाहिलेला नाही आणि असं खळाळतं पाणीही नाही. हे चित्र फळ्यावर काढलं जातं आणि मुलं उतरवून घेतात. ज्याचं फळ्यासारखं होतं त्याला ‘छान’ मिळतो.

एका मुलाच्या फाईलमध्ये चार कोरे कागद होते. नाव आणि तारीख नीट लिहिलेली, बाकी काही नाही. बाईंनी त्याला रागावून पाहिलं होतं, समजावून पाहिलं होतं. ‘मला येत नाय,’ एवढंच त्याचं उत्तर. गणितात तो बरा होता. खोडकर नव्हता. आधीच्या वर्षीच्या नोंदीत ‘चित्रकलेत रस नाही’ असं लिहिलेलं होतं.

ही नोंद मला खटकली. कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी मुलांच्या चित्रांचे जे टप्पे मांडले, त्यांत साधारण नवव्या वर्षानंतर मुलाला चित्र ‘खऱ्यासारखं’ दिसावं असं वाटू लागतं. त्याआधी माणूस म्हणजे एक ठरलेली आकृती, घर म्हणजे एक ठरलेली आकृती, आणि मूल त्यावर खूश असतं. चौथीच्या सुमारास डोळा पुढे जातो, हात मागे राहतो. आपलं चित्र चुकलंय हे दिसतं, पण दुरुस्त कसं करायचं ते कुणी सांगितलेलं नसतं. पुष्कळ मुलं याच वर्षी ‘मला चित्रकला येत नाही’ असं ठरवून टाकतात आणि आयुष्यभर तेच म्हणत राहतात. हा मुलगा त्या वाटेवर होता. डोंगर-सूर्य उतरवणारी मुलंही त्याच वाटेवर होती, फक्त त्यांची फाईल भरलेली होती म्हणून कुणाला काळजी वाटत नव्हती.

तेव्हा अडचण एका मुलाची नव्हती. त्या तासाला कुठल्याच मुलाला स्वतः काही ठरवावं लागत नव्हतं.

समोर आलेले पर्याय

मुख्याध्यापकांनी पहिला पर्याय सुचवला तो संस्थेच्याच माध्यमिक विभागातल्या चित्रकला शिक्षकांचा. आठवड्यातून एक तास त्यांनी घ्यावा. सर चांगले चित्रकार आहेत, पण त्यांचं सगळं वर्ष एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षांभोवती फिरतं: वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन. नऊ वर्षांच्या मुलांना त्याच साच्यात आधीपासून घालणं बाईंना पटलं नाही. शिवाय सरांचा तास रद्द झाला की विषयच रद्द होणार होता.

दुसरा पर्याय वारलीचा. शाळांमध्ये तो फार चालतो: गेरूचा रंग, पांढऱ्या काड्या-त्रिकोणांची माणसं, भिंत सुंदर दिसते. पण वारलीही फळ्यावरून उतरवून घेतली की डोंगर-सूर्याचंच दुसरं रूप होते. हा पर्याय बाजूला पडला.

तिसरा पर्याय कारखान्याची भेट. मुलांना जॅकार्डचा माग, म्हणजे छिद्रं पाडलेल्या पत्त्यांवरून नक्षी विणणारा माग, प्रत्यक्ष दाखवायचा. मी याला नको म्हटलं. यंत्रमागाच्या शेडमध्ये एवढा खडखडाट असतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही; धोटा (आडवा दोरा नेणारा भाग) वेगाने फिरत असतो, पट्टे उघडे असतात, हवेत कापसाची तूस. चाळीसेक मुलं तिथे नेऊन काही शिकवणं शक्य नव्हतं.

बाईंचा स्वतःचा पर्याय साधा होता. गणिताची चौकटीची वही प्रत्येकाकडे आहे. तिच्यावरच नक्षी आखायला लावू. त्यांच्या सासऱ्यांनी एके काळी चादरीच्या नक्ष्यांचे ग्राफ भरले होते, त्यामुळे हे काम त्यांना घरचं होतं. जॅकार्डची रचना फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास तयार झाली आणि तिचं तत्त्व अजून तेच आहे: ग्राफवरचा प्रत्येक चौकोन सांगतो, की त्या ठिकाणी ताण्याचा, म्हणजे उभा, दोरा वर उचलायचा की खाली ठेवायचा. ग्राफची एक आडवी ओळ म्हणजे पुठ्ठ्याचा एक पत्ता. पत्त्यात भोक असेल तिथे दोरा उठतो, नसेल तिथे खाली राहतो. आता पुष्कळ ठिकाणी हे काम कॉम्प्युटरवर होतं, पण हाताने ग्राफ भरणारी आणि पत्ते छिद्रणारी माणसं सोलापुरात अजून आहेत.

हा पर्याय ठरला. चौकटीत डोंगर ‘खऱ्यासारखा’ काढण्याचा प्रश्नच येत नाही. चौकोन भरायचा की नाही, एवढंच ठरवायचं. ज्या मुलाला हात दगा देतो असं वाटतं, त्याला इथे हातावर भिस्त ठेवावी लागत नाही.

काय केलं

पहिल्या तासाला बारा बाय बाराची चौकट आखली. दोनच रंग. डाव्या वरच्या सहा बाय सहामध्ये नक्षी करायची आणि ती उजवीकडे, मग खाली, आरशासारखी उलटवायची. सममिती गणितात आलेलीच होती. तासाच्या शेवटी प्रत्येक वहीत काहीतरी नेटकं होतं, त्या मुलाच्याही.

पण दोन-तीन तासांत बाईंच्या लक्षात आलं की आरशाच्या नियमाने सगळ्यांच्याच नक्ष्या फुलासारख्या दिसू लागल्यात. नियम मदत करत होता, आणि तोच आता मुलांच्या वतीने ठरवत होता. त्यांनी तो काढून टाकला. बारा बाय बाराच्या पूर्ण चौकटीत काहीही करा, फक्त रंग दोन. मला हा या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय वाटतो. मुलं नेटकं काम करत असताना, फाईल चांगली दिसत असताना, ती चौकट मोडायला धीर लागतो.

पुढचा टप्पा कागदाच्या पट्ट्यांचा. जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदाला मधे उभ्या चिरा पाडून बारा ताण्याच्या पट्ट्या केल्या, दोन्ही टोकं जोडलेली. बाण्यासाठी, म्हणजे आडव्या दोऱ्यांच्या जागी, दुसऱ्या रंगाच्या बारा सुट्या पट्ट्या. वहीतली नक्षी बघून विणायचं: भरलेला चौकोन असेल तिथे आडवी पट्टी वरून, कोरा असेल तिथे खालून.

त्या मुलाने वहीत एसटी बस काढली होती. ओळीच्या ओळी भरलेल्या, खाली दोन चाकं. विणायला घेतली आणि बसचा खालचा भाग गळून पडला. तिथे सलग दहा चौकोन भरलेले होते, म्हणजे पट्टी दहा ताण्यांवरून मोकळीच गेलेली, तिला मधे कुणी धरलेलंच नाही. तो तिला चिकटपट्टी लावायला निघाला होता. बाईंनी अडवलं आणि विचारलं, ‘वरचा भाग का नाही पडला?’ तो बराच वेळ कागद उलटासुलटा करत बसला. मग म्हणाला, ‘वर खिडक्या हायत. खिडकीपाशी पट्टी आत जाती.’ आणि त्याने खालच्या भागात एक आड एक चौकोन कोरा ठेवून पट्टा काढला, एसटीला असतो तसा. पट्टी बसली. बसही आधीपेक्षा बस दिसू लागली.

मागावर नेमकी हीच अडचण येते. दोरा फार लांब मोकळा राहिला की लोंबतो, अडकतो, कापड टिकत नाही; म्हणून ग्राफ भरणारा माणूस मोठ्या आकाराच्या पोटात मधे मधे बांधणीचे चौकोन टाकतो. हे त्या मुलाला कुणी शिकवलं नव्हतं. त्याने वस्तू केली, ती फसली, आणि कारण त्याला त्या वस्तूतच सापडलं.

त्याच तासाला एका मुलीने विणलेला कागद पालथा केला आणि वर्गभर ओरडत सुटली, ‘मागं सगळं उलटं झालंय!’ जिथे पुढे लाल तिथे मागे पांढरं. दुसऱ्या दिवशी तिघी-चौघी घरच्या चादरीचं टोक उलटून बघून आल्या होत्या.

विरोध

शाळेच्या शिपाईकाकांनी ओळखीतून जॅकार्डच्या जुन्या पत्त्यांची एक माळ आणली. मुलांनी ती उजेडासमोर धरून बघितली, घरी जाऊन सांगितलं, आणि दुसऱ्याच दिवशी एक वडील शाळेच्या फाटकात उभे राहिले. ते स्वतः जॅकार्डच्या मागावर काम करतात. त्यांचं म्हणणं थोडकं होतं.

‘बाई, पोरगं मागावर बसू नये म्हणून शाळेत घातलंय. तुम्ही पण तेच शिकवलालाव का?’

त्यांच्या मागोमाग आणखी दोन पालक आले. मुख्याध्यापकांनी बाईंना काम तूर्त थांबवायला सांगितलं.

मला त्या वडिलांचं म्हणणं पूर्ण रास्त वाटतं. परंपरा, वारसा, स्थानिक कला हे शब्द आपण शिक्षणाच्या कागदपत्रांत सहज लिहितो. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यापासून २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणापर्यंत ते आहेत आणि ते असायलाच हवेत. पण पाळीवर उभं राहून, कानात तो आवाज घेऊन घरी येणाऱ्या माणसाला वारसा म्हणजे काय हे बाहेरच्या कुणी सांगू नये. विणकराच्या मुलाला विणकाम, कुंभाराच्या मुलाला माती, असं वाटप शाळेनेच केलं तर शाळेचा उपयोग काय?

आता बाईंपुढे तीन वाटा होत्या. काम सोडून पुन्हा डोंगर-सूर्याकडे जायचं. पालकांना न जुमानता चालू ठेवायचं. किंवा त्यांना बोलावून बोलायचं. कारखान्याला सुट्टी होती त्या दिवशी त्यांनी सभा ठेवली.

सभेत बाई वारशाबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. मुलांच्या वह्या पालकांच्या हातात दिल्या आणि मुलांनाच सांगायला लावलं: एक चतुर्थांश नक्षीवरून पूर्ण नक्षी कशी होते, एकूण किती चौकोन, त्यांतले भरलेले किती, पट्टी का पडली. एसटीवाल्या मुलाने आपली बस दाखवली. विरोध करणारे वडील ती बघत राहिले, मग पत्त्यांची माळ घेऊन त्यांनी त्या मुलाला भोक आणि दोरा यांचा संबंध स्वतः समजावला. ते विरघळले वगैरे नाहीत. जाताना त्यांनी अट घातली: ‘हिशेब शिकवा, डोकं चालवायला शिकवा. मागाचं नाव काढू नका.’

बाईंनी ती अट मानली. पुढचे तास ठिपक्यांच्या रांगोळीवर गेले. तेलुगू घरांत दारापुढे ठिपक्यांची रांगोळी रोज पडते आणि आयांना ती पाठ असते. ठिपके तेच ठेवून रेषा वेगळी कशी नेता येईल, हे मुलांनी घरी विचारून यायचं होतं. आया कधी नव्हे त्या फाटकापाशी थांबून बाईंशी बोलू लागल्या. एक गोष्ट मात्र वर्गात जाणूनबुजून आणली नाही. विडीचं पान पत्र्याच्या मापाने कापताना कमीत कमी पान वाया जावं म्हणून माप कसं फिरवायचं, हे मुलं घरी रोज बघतात, आणि डिझाइनचा तो फार चांगला धडा आहे. पण तंबाखूच्या कामाशी जोडलेलं काही चौथीच्या वर्गात नको, यावर आमचं दोघींचं एकमत होतं.

निष्पत्ती

जानेवारीत भरणाऱ्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेआधी शाळेचं प्रदर्शन झालं. भिंतीवर नक्ष्या होत्या, आणि टेबलावर गळून पडलेल्या, दुरुस्त केलेल्या पट्ट्या. प्रत्येक फसलेल्या वस्तूशेजारी ती करणारं मूल उभं होतं आणि येणाऱ्याला सांगत होतं. काही पालकांना ते आवडलं. संस्थेच्या एका सदस्यांनी ‘यंदा रंगीत चित्रं नाहीत का?’ असं विचारलं आणि ते लवकर निघून गेले.

त्या मुलाची फाईल भरली. पुढे त्याने चौकटीबाहेरही चित्रं काढली. फार सफाई नाही, पण कोरा कागद पुन्हा दिला नाही. बाईंनी त्याच्या नोंदीत लिहिलं: ‘स्वतः केलेल्या नक्षीतली अडचण शोधतो व रचना बदलतो.’ ‘चित्र सुंदर काढतो’ किंवा ‘रस नाही’ यापेक्षा ही नोंद पुढच्या शिक्षकाच्या कितीतरी उपयोगाची आहे.

वर्गातल्या सगळ्यात ‘हुशार चित्रकार’ मुलीचं मात्र चांगलं झालं नाही. फळ्यावरचा डोंगर तिच्याइतका हुबेहूब कुणी उतरवत नसे. फळा कोरा राहिल्यावर ती पहिल्या तासाला रडली, आणि नंतरही शेजारणीच्या वहीत बघूनच नक्षी करत राहिली. तिला आजवर ज्या गोष्टीसाठी शाबासकी मिळाली ती अचानक बिनकामाची ठरली होती. बाईंनी तिला बघून काढायचं वेगळं काम दिलं: घरच्या चादरीचा एक तुकडा समोर ठेवून त्यावरची नक्षी चौकटीत उतरवायची आणि मग तिच्यातली एकच गोष्ट बदलायची. ते तिने केलं. पण वर्ष संपलं तेव्हाही कोऱ्या कागदाची तिची भीती गेलेली नव्हती.

वेगळं काय करता आलं असतं

पालकसभा पत्त्यांची माळ वर्गात येण्याआधी व्हायला हवी होती. ज्या घरांच्या पोटापाण्याशी वस्तू जोडलेली आहे, त्या घरांना आधी विचारणं हे त्या कामाचंच पहिलं पाऊल आहे. इथे निभावलं ते बाईंच्या शांतपणामुळे. दुसऱ्या एखाद्या शाळेत तिथेच सगळं संपलं असतं.

दोन रंगांचा नियम फार लांबला. सुरुवातीला तो हवाच होता, पण चौथीच्या मुलांना रंगांची भूक असते. महिनाभराने तिसरा रंग दिला असता तर ‘तिसऱ्याने काय बदलतं’ हा प्रश्न आपोआप आला असता. माती आणि मोठ्या कागदावरचं काम तर या सगळ्यात मागेच पडलं. चौकटीत बोटं काम करतात, खांद्यापासून हात हलत नाही, आणि या वयात तेही हवं.

माध्यमिकच्या चित्रकला सरांना पूर्ण बाहेर ठेवायचं कारण नव्हतं. मुलांचा तास त्यांच्याकडे न देता, रंग कसे मिसळायचे, कात्री आणि कटर सुरक्षित कसे वापरायचे, एवढं त्यांनी शिक्षकांना दाखवलं असतं तर फरक पडला असता. चिरा पाडायचं सगळं काम बाई रात्री घरी बसून करत होत्या. ते तसं फार दिवस चालत नाही.

हुशार मुलीचा विचार पहिल्याच दिवशी करायला हवा होता. पद्धत बदलली की कोण वर येईल हे आपण बघतो, खाली कोण जाईल हे बघायचं राहतं.

पुढच्या वर्षी बाईंना पहिलीचा वर्ग मिळाला. ही मुलं पाचवीत गेली आणि त्यांच्या नव्या वर्गशिक्षकांनी उत्साहाने चौकटीची वही चालू ठेवली, फक्त तयार मोराचा ग्राफ फळ्यावर काढून. मुलांनी तो चौकोन मोजून मोजून उतरवला. साहित्य टिकलं, पद्धत जुन्या वळणावर गेली. बाईंनी हे मुख्याध्यापकांपुढे मांडलं, तेव्हा कलेच्या दोन तासिका सलग घेण्याचं आणि त्या दुसऱ्या विषयाला न देण्याचं त्यांनी मान्य केलं. फळ्यावर काय काढायचं, यावर पाचवीचे सर आणि बाई यांचं बोलणं अजून चालू आहे. सरांचं म्हणणं, आधी एक तरी नमुना दाखवल्याशिवाय मुलं सुरू कशी होणार? बाईंचं म्हणणं, नमुना दाखवा, पण अर्धाच, आणि तोही फसलेला.